तिन्ही फेज आहेत, तरी मोटर बंद पडते: पंपपेटीच्या प्रोग्रामच्या नोंदी

२ डिसेंबर

पेटीचं काम असं: विहिरीवरची ५ एचपीची मोटर चालू असताना तीनपैकी एखादा फेज गेला, तर कॉइल तापायच्या आत स्टार्टर ट्रिप करायचा. लाईन नीट परत आली की काही वेळ थांबून पुन्हा सुरू करायचा. आत एटीमेगा ३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप आणि तिला घड्याळाचे ठोके देणारं १६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल. तिन्ही फेजवरून रेझिस्टर आणि पीसी ८१७ ऑप्टोकपलर, म्हणजे लाईनचा इशारा प्रकाशातून चिपकडे देणारा भाग. प्रत्येक ऑप्टो दर सायकलला एक पल्स देतो. ५० हर्ट्झला एकाच फेजच्या दोन पल्समध्ये २० मिलिसेकंद, आणि आर, वाय, बी या क्रमाने एका फेजपासून पुढच्या फेजपर्यंत ६.६७ मिलिसेकंद. प्रोग्राम इंटरप्टमध्ये (पल्स येताच चालू काम थांबवून धावणारा छोटा भाग) प्रत्येक पल्सची वेळ टिपतो आणि मेन लूप (सतत फिरणारा मुख्य भाग) दर १० मिलिसेकंदांनी ही अंतरं तपासतो.

मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात काकाजींचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर उघडली की ती कशानं गेली हे कॉइल पाहूनच कळतं. स्टार जोडणी असेल तर दोन फेजच्या कॉइल काळ्याठिक्कर आणि तिसरी नव्यासारखी. डेल्टा असेल तर एकच जळते, दोन वाचतात. असं दिसलं की समजायचं, मोटर दोन फेजवर चालत राहिली. तिन्ही सारख्या जळाल्या असतील तर कारण दुसरं: ओव्हरलोड, जाम झालेला पंप, कमी व्होल्टेज. दुकानात पहिल्याच प्रकारच्या मोटरी जास्त येतात आणि रिवायंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या ऐन हंगामात बसतो. म्हणून ही पेटी.

प्रोग्राम मी आणि पॉलिटेक्निकला असलेला मावसभाऊ, दोघं मिळून लिहितो आहोत. तपासणी आधी सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकात काढलेल्या सर्किटवर. ४१५ व्होल्टच्या तारा उघड्या ठेवून प्रोग्रामची एकेक ओळ तपासणं कोणीच करू नये. भाऊ कॉलेजात प्रोटियस वापरतो. माझ्या लॅपटॉपवर सिम्युलआयडीई आहे, कारण ते फुकट आहे, खुल्या परवान्याचं आहे आणि नेट नसतानाही चालतं. बागांना आंबिया बहाराचा ताण बसला आहे, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडलेलं आहे. जानेवारीत ताण तोडला की सगळ्या मोटरी एकदम चालू होतील, त्याआधी पेटी हवी.

३ डिसेंबर

सिम्युलेटरमध्ये पेटी सुरूच होत नव्हती. तिन्ही लहरी ठीक, तरी ‘फेज चुकीचा’चा लाल दिवा. आधी दिवा लुकलुकवायचा छोटा प्रोग्राम टाकून पाहिला: ५ सेकंदांची वाट ८० सेकंदांची झाली. नेमकी सोळा पट. चिपच्या गुणधर्मांत फ्रिक्वेन्सीच्या रकान्यात १ मेगाहर्ट्झ होतं आणि प्रोग्राम १६ साठी कंपाइल केलेला. चित्रात क्रिस्टल काढलेलं असलं तरी वेग त्या रकान्यातूनच ठरतो. कोरी चिप हातात येते तेव्हा तिचा खरा वेगही १ मेगाहर्ट्झच असतो (आतला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, त्याला ८ ने भाग), त्यामुळे हे लक्षण ब्रेडबोर्डवरही दिसतं. २० मिलिसेकंदांची सायकल प्रोग्रामला सव्वा मिलिसेकंदाची वाटत होती. रकान्यात १६ लिहिलं, हिरवा दिवा लागला.

नव्यानं शिकणाऱ्याला माझा एवढाच आग्रह आहे: सिम्युलेटरमध्ये दुसरं काहीही तपासण्याआधी एक पिन १ सेकंदाने चालू-बंद करून घड्याळ पाहा.

७ डिसेंबर

पहिली पेटी शेजारच्या दादांच्या विहिरीवर लावली, हरभऱ्याला पाणी चालू आहे तिथे. या आठवड्यात शेतीच्या फीडरला रात्रीची पाळी. दिवसा ८ तास नाहीतर रात्री १० तास, असं ते आलटून पालटून असतं. रात्री वावरात सापाची आणि रानडुकराची भीती, म्हणून दादांना पेटीची घाई होती.

सकाळी ते दुकानात आले. ‘पोरी, लाईन तं हाय, मंग मोटर काऊन बंद पडून राह्यली? झोपेतून उठून दोनदा पाह्यलं. दिवा लागते लाल, थोड्या वेळानं आपोआप सुरू होते.’

म्हणजे पेटीला फेज गेल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात गेलेला नसतो. काकाजींनी मीटरने तिन्ही फेज तपासले: व्होल्टेज कमी आहे, पण तिघांतही सारखंच. जोडण्या घट्ट आहेत. पेटी परत आणली. तोवर दादांनी मोटर जुन्या पद्धतीने चालवावी, असं ठरलं.

८ डिसेंबर

सिम्युलेटर रात्रभर चालू ठेवला. तीन वेव्ह जनरेटर, ५० हर्ट्झ, १२० अंशांचा फरक. एकदाही ट्रिप नाही.

पहिला संशय वेळेच्या आकड्यावर. मायक्रोज() हे ३२ बिटांचं घड्याळ ७१.६ मिनिटांनी पूर्ण भरतं आणि शून्यापासून पुन्हा सुरू होतं. तिथे वजाबाकी चुकली तर नेमकं असंच होईल. पण दादांनी सांगितलेल्या वेळांत तसं ठरावीक अंतर दिसत नाही. तरी तपासून घेतलं: घड्याळ भरायच्या थोडं आधीपासून सुरू होईल असा आकडा घातला आणि तो क्षण सिम्युलेटरमध्ये डोळ्यांदेखत जाऊ दिला. वजाबाकी चिन्हरहित आकड्यांची आहे, उत्तर बरोबर येतं. हा संशय मिटला.

९ डिसेंबर

मावसभावाचा फोन. त्याचं म्हणणं, ‘ताई, एका चुकीच्या वाचनावर कशाला ट्रिप करायचं? सलग दहा वेळा चुकलं तरच कर. आत्ता होऊन जाईल.’

दहा वाचनांची अट मलाही हवी आहे. लाईनवर बारीक झटके येतच असतात. पण ती आज घातली तर हे लक्षण झाकलं जाईल आणि जे काही मुळात चुकतं आहे ते तसंच आत राहील. जे वाचन आज एकदा चुकतं, ते उद्या स्टार्टर सुरू करायच्या निर्णयातही चुकू शकतं. त्याला म्हटलं, आधी कारण सापडू दे, अट नंतर घालू. त्याला पटलं. मात्र त्याची सबमिशन आहेत, त्यामुळे पुढचे काही दिवस मी एकटीच.

११ डिसेंबर

आत काय चाललंय ते पाहायला इंटरप्टमधून सीरियलवर वेळ छापावी असं वाटतं. तसं करू नये. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक अक्षर पाठवायला एक मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. दहा अक्षरांची ओळ छापली की अर्धी सायकल गेली. ज्या वेळा मोजायच्या आहेत त्याच छापण्याने बदलतात.

त्याऐवजी एक मोकळी पिन राखून ठेवली. कोणत्याही दोन फेजमधलं अंतर ४० मिलिसेकंदांपेक्षा जास्त दिसलं की ती पिन वर, वाचलेले दोन्ही आकडे बाजूच्या व्हेरिएबलमध्ये, आणि प्रोग्राम तिथेच थांबलेला. पोर्टची एक पिन थेट वर करायला या चिपला दोनच क्लॉक (घड्याळाचे ठोके) लागतात, त्यामुळे मोजमापाला धक्का लागत नाही. लॉजिक अ‍ॅनालायझरवर तिन्ही पल्स आणि ही पिन एकाखाली एक लावली.

पुन्हा बराच वेळ चालवलं. पिन खालीच.

१३ डिसेंबर

सापडलं.

काल लाईन संध्याकाळभर नव्हती. लॅपटॉप बंद ठेवून कागदावर विचार करत बसले: वावरातल्या लाईनमध्ये असं काय आहे जे माझ्या सिम्युलेटरमध्ये नाही? व्होल्टेज कमी असतं, ते करून पाहिलं होतं. झटके असतात, तेही. उरली फ्रिक्वेन्सी. सिम्युलेटरमध्ये ती ५० म्हणजे ५०.०००. खरी ग्रिड कधीच तशी उभी नसते. देशाच्या ग्रिड कोडमध्येच ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा दिला आहे आणि त्या पट्ट्यात ती सतत सरकत असते.

आज लहर ४९.९७ हर्ट्झ केली. सायकल २० ऐवजी २०.०१२ मिलिसेकंदांची. चहा घेऊन आले तोवर पिन वर आणि प्रोग्राम थांबलेला.

टिपलेले आकडे पाहिल्यावर सगळं उलगडलं. सोयीसाठी गोल आकड्यांत लिहिते. आर फेजचा आधीचा पल्स ६५,००० मायक्रोसेकंदाला आला होता, नवा ८५,००० ला. मेन लूपने वाचलेला आकडा होता १,३०,५३६. हा आकडा दोन्हींपैकी एकही नाही आणि तो भविष्यातला आहे.

कारण असं. चिप ८ बिटांची. ३२ बिटांचा आकडा तिला एकेक बाइट करून चार वेळा वाचावा लागतो. ६५,००० हा हेक्सात (सोळाच्या पायावर, दर दोन अंकांचा एक बाइट) ०००० एफडीई८, आणि ८५,००० हा ०००१ ४सी०८. मेन लूपने खालचे दोन बाइट वाचले, एफडीई८. त्याच क्षणी आर फेजचा इंटरप्ट आला आणि चारही बाइट नवे झाले. परत येऊन लूपने वरचे दोन वाचले, ०००१. जोडून झालं ०००१ एफडीई८, म्हणजे १,३०,५३६. विजेच्या मीटरचे आकडे फिरत असताना रीडिंग घ्यावं आणि उजवीकडचे आकडे जुने, डावीकडचे नवे लिहून जावेत, तसं. ४५ मिलिसेकंद पुढचा आकडा, मग अंतर भलतंच, मग ‘फेज गेला’.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बाइटच्या वाचनामधली फट दोन क्लॉकची, म्हणजे एका मायक्रोसेकंदाचा आठवा भाग. त्यातही वरचे बाइट बदलत असतील तरच घात होतो. खालच्या बाइटमध्ये असं झालं तर चूक २५६ मायक्रोसेकंदांच्या आतच राहते आणि कोणाला कळतही नाही. म्हणून वावरात हे रात्रीतून एखाद-दुसऱ्या वेळीच व्हायचं.

सिम्युलेटरमध्ये का होत नव्हतं? तिथे लहर नेमकी २० मिलिसेकंदांची आणि चिपचं घड्याळही नेमकं. दोघांची गाठ पुन्हा पुन्हा त्याच ठरलेल्या जागांवर पडत होती, आणि त्या जागांमध्ये ही फट नव्हती. ४९.९७ केल्यावर इंटरप्ट दर सायकलला थोडा थोडा सरकत लूपच्या प्रत्येक ओळीवरून गेला आणि कधीतरी फटीत सापडला. सिम्युलेटर खरंच सांगत होता. त्याला दिलेली लाईन आमच्या गावची नव्हती.

१४ डिसेंबर

दुरुस्ती लहान आहे. मेन लूपमध्ये इंटरप्ट थांबवायचे, तिन्ही वेळांच्या प्रती काढायच्या, इंटरप्ट पूर्ववत करायचे आणि पुढची सगळी गणितं प्रतींवर. एव्हीआरच्या (या चिपच्या कुटुंबाच्या) लायब्ररीत यासाठी अ‍ॅटॉमिक ब्लॉक आहे. या व्हेरिएबलांना व्होलाटाइल आधीपासून लावलेलं होतं. त्याने कंपायलर दर वेळी मेमरीतून ताजं वाचतो एवढंच. चार बाइट एकसंध वाचले जातील याची हमी त्यातून मिळत नाही. या दोन गोष्टी शिकवताना वेगवेगळ्या शिकवायला हव्यात, असं मला तळमळीने वाटतं. पुस्तकी उत्तरात त्या एकातच मिसळून जातात.

आता फ्रिक्वेन्सी ४९.९० पासून ५०.०५ पर्यंत हळूहळू सरकवत चालवते आहे. जुन्या लॅपटॉपवर वेग शंभर टक्क्यांच्या बराच खाली येतो, म्हणून रात्रभर.

१५ डिसेंबर

पिन खालीच. आता दहा वाचनांची अटही घातली. भावाला कळवलं.

२० डिसेंबर

पेटी दादांच्या विहिरीवर दिवसरात्र नीट चालली. आज काकाजी म्हणाले, ‘ट्रिप नाही झाली हे बरं हाय. पण जवा व्हायला पायजे तवा होते का, ते पाह्यलं का?’ आणि दुकानात टेस्टिंगला लावलेली मोटर चालू असताना त्यांनी मेन स्विचमधून वाय फेज काढला.

पेटीने काहीच केलं नाही. हिरवा दिवा तसाच. मोटरचा आवाज बदलला, पण ती फिरत राहिली. काकाजींनी लगेच बंद केली.

सिम्युलेटरमध्ये वाय फेजची लहर बंद केली की पेटी लगेच पकडते. तिथे लहर बंद म्हणजे शून्य. इथे फिरणारी मोटर स्वतःच त्या सुटलेल्या फेजवर व्होल्टेज तयार करते. पेटीचे ऑप्टो मेन स्विचनंतरच्या तारांवर, म्हणजे मोटरलाच जोडलेल्या. काकाजींनी पुन्हा क्षणभर चालवून मीटर लावून दाखवला: काढलेल्या फेजवर जवळपास इतरांएवढंच व्होल्टेज. मोटरवर लोड नसेल तर कोनही फारसा हलत नाही. लोड वाढला की व्होल्टेज उतरतं आणि कोन सरकतो, पण किती, ते त्या त्या मोटरवर.

काकाजी सांगतात, एकाच डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, शेजाऱ्यांच्या मोटरी चालू असल्या की आपली बंद असतानाही गेलेला फेज असाच जिवंत दिसतो. म्हणजे फक्त व्होल्टेज पाहणाऱ्या पेटीवर सुरू करतानाही पूर्ण भरवसा ठेवता येणार नाही.

२२ डिसेंबर

आधी सिम्युलेटरला खरी परिस्थिती दिली. वाय फेजची लहर बंद करण्याऐवजी तिचा उंचवटा थोडा कमी आणि कोन काही अंश सरकवलेला. पेटी फसली, दुकानात फसली तशीच. मला हे समाधानाचं वाटलं. आता जे वावरात होतं ते टेबलावर आणता येतं.

उपाय करंटमध्ये आहे. मोटर व्होल्टेज बनवू शकते, पण तुटलेल्या तारेतून करंट वाहणार नाही. त्या तारेत शून्य, आणि तेवढंच काम ओढायला उरलेल्या दोन तारांत सुमारे १.७३ पट. ५ एचपीला पूर्ण लोडवर साडेसात अँपिअर धरले तर दोन तारांत १३. तीन सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, तारेतल्या करंटची लहान प्रत देणाऱ्या) लावायच्या, १००० ला १ गुणोत्तराच्या, प्रत्येकीवर १०० ओहमचा बर्डन रेझिस्टर, ज्यावर त्या करंटचं व्होल्टेज होतं. साडेसात अँपिअरला ०.७५ व्होल्ट, शिखर १.०६. तेराला शिखर १.८४. मधली पातळी अडीच व्होल्टवर ठेवली की चिपच्या ० ते ५ व्होल्टांत दोन्ही बाजूंनी मावतं.

एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपमधल्या भागाचा) हिशेब: क्लॉक १२५ किलोहर्ट्झ, एका वाचनाला १३ क्लॉक, म्हणजे १०४ मायक्रोसेकंद. एका सायकलमध्ये साधारण १९२ वाचनं, तीन सीटींत वाटून प्रत्येकी ६४. करंट आहे की नाही एवढं ठरवायला भरपूर.

२४ डिसेंबर

सिम्युलेटरमध्ये एक धोका मुळीच दिसत नाही, तो इथे नोंदवते. डीओएल स्टार्टरवर (मोटर थेट पूर्ण लाईनवर टाकणाऱ्या) मोटर सुरू होताना करंट साधारण सहा पट. ४५ अँपिअर म्हणजे बर्डन रेझिस्टरवर ६ व्होल्टच्या वर शिखर. चित्रातली चिप एवढं व्होल्टेज निमूटपणे घेते आणि एडीसी १०२३ दाखवते. खरी चिप मरेल. प्रत्येक पिनला १० किलोओहम मालिकेत आणि दोन डायोड, एक ५ व्होल्टकडे, एक ग्राउंडकडे.

सुरुवातीच्या सहा पट करंटमुळे ‘जास्त करंट’ची तपासणी पहिले काही सेकंद बंद. ‘शून्य करंट’ची मात्र पहिल्या सेकंदापासून चालू, कारण दोन फेजवर उभी मोटर फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते.

२८ डिसेंबर

लाईन आल्यावर किती थांबायचं? महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा. लाईन येताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. आमची पेटीही लाईन येताच मोटर सुरू करणारीच आहे, म्हणून हे आमच्यावर लागू होतं. प्रत्येक पेटीने वेगळा वेळ थांबावं.

भावाने यादृच्छिक आकडा घेतला होता, बी (सीड, ज्यावरून पुढचे आकडे निघतात तो सुरुवातीचा आकडा) म्हणून मोकळ्या अ‍ॅनालॉग पिनचं वाचन. सिम्युलेटरमध्ये पेटी कितीदाही सुरू केली तरी वेळ तोच. मोकळी पिन तिथे दर वेळी तेच वाचन देते, आणि बी सारखं असेल तर आकड्यांची सगळी मालिकाच सारखी. खऱ्या चिपवर मोकळ्या पिनवर थोडा गोंधळ असतो, पण दहा पेट्या दहा वेगळ्या वेळा धरतील असा विश्वास त्यावर ठेवणं बरोबर नाही. आता प्रत्येक पेटीला क्रमांक, तो ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत), आणि थांबायचा वेळ क्रमांकावरून: ६० सेकंद अधिक क्रमांक गुणिले १५. एका डीपीवर दोन सारखे क्रमांक द्यायचे नाहीत, याची वही काकाजी ठेवतील. डीपीवर कोणाची मोटर आहे हे त्यांना तोंडपाठ आहे.

कॅपॅसिटर मात्र पेटी लावली तरी हवाच. ते दादांना वेगळं सांगितलं.

४ जानेवारी

सीटीची पेटी दुकानात तपासली. मोटर चालू असताना काकाजींनी आर, मग वाय, मग बी काढला. तिन्ही वेळा ट्रिप, सीटीच्या लाल दिव्यासह. त्यानंतर दादांच्या विहिरीवर, पाण्याच्या लोडवर तेच. सुरू होतानाच फेज नसेल तर पहिल्या सेकंदात सोडते. दादांनी स्वतः लाल दिवा पाहिला आणि विचारलं, ‘आता रात्री उठा लागत नाही ना?’ पहिल्या आठवड्यात एकदा तरी जाऊन पाहा, असं त्यांना सांगितलं आहे.

सिम्युलेटरच्या फाइली यापुढे अशा ठेवते आहे: सरकती फ्रिक्वेन्सी, तिन्ही फेज कमी व्होल्टेजचे, मोटरने जिवंत ठेवलेला गेलेला फेज (तीन वेगवेगळ्या कोनांवर), आर आणि बीची अदलाबदल (म्हणजे मोटर उलटी फिरते ती), आणि दोन सेकंदांत ये-जा करणारी लाईन. प्रोग्रामची एक ओळ जरी बदलली तरी पाचही आधी चालवायच्या, मग चिपमध्ये भरायचं. भावाकडेही याच फाइली दिल्या आहेत.

राहिलेलं काम: दुसऱ्या आणि तिसऱ्या पेटीला सीटी बसवणं. एका बागेत ७.५ एचपीची मोटर आहे. तिथे करंट जास्त म्हणून १०० ऐवजी ६८ ओहम लावायचे, आणि प्रोग्राममधली करंटची मर्यादा त्याप्रमाणे बदलायची.